विश्लेषण : ‘तुंबाड’मध्ये खरी भीती कुणाची, हस्तरची की बापाच्या वारशाची?

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तिकीटबारीवर त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत अनेकांनी तो मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्यांना पाहायला लावला. चर्चा मात्र बहुतेक वेळा हस्तर, सोन्याच्या मुद्रा आणि ‘लोभ वाईट’ या धड्यापुरतीच राहते. कथानकाचे भाग सुटे करून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. लहानपणी ज्याची भीती वाटली त्याच्याशी मोठेपणी माणूस काय करतो आणि बाप मुलाच्या हातात नेमके काय ठेवतो, याची ही गोष्ट आहे.

(सूचना : पुढे चित्रपटाच्या शेवटासह संपूर्ण कथानक उलगडले आहे.)

गोष्ट कोण सांगतो, कुणाला?

चित्रपटाची सुरुवात दंतकथेने होते. समृद्धीच्या देवीकडे अमाप सोने आणि अमाप धान्य. तिचा पहिला आणि सर्वांत लाडका मुलगा हस्तर. त्याने सोने बळकावले, पण धान्यावर हात टाकणार तोच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने लेकाला आपल्या गर्भात दडवून वाचवले. अट एकच, त्याची पूजा कधीही होणार नाही आणि तो विसरला जाईल. तुंबाडच्या एका घराण्याने ही अट मोडून त्याचे मंदिर बांधले. तेव्हापासून देवांचा कोप पाऊस होऊन तुंबाडवर कोसळतो आहे.

ही कथा विनायक राव आपल्या मुलाला, पांडुरंगला सांगतो आहे. हा तपशील पहिल्यांदा पाहताना सहज निसटतो. आपण जे ऐकतो ते बापाच्या तोंडून, मुलाच्या जागी बसून ऐकतो. शिवाय ती दंतकथाही एका आईची आणि लेकाचीच आहे. लाडक्या मुलाला पाठीशी घातले, पण त्याची भूक काही भागली नाही. पुढे माणसांच्या घरात जे घडणार आहे, त्याचा आराखडा इथे पहिल्या काही मिनिटांतच समोर येतो.

तीन भाग कोणते?

कथानक १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत विभागलेले आहे.

१९१८ : विनायक आणि सदाशिव ही दोन भावंडे आईसोबत तुंबाडमध्ये राहतात. आई एका सोन्याच्या मुद्रेच्या आशेवर वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा करते. ही मुले सरकारांचीच असल्याचे चित्रपट सुचवतो, पण बाप म्हणून सरकार कधीच समोर येत नाहीत. घरात साखळदंडाने बांधलेली एक भयंकर म्हातारी आहे. तिला वेळेवर खाऊ घालावे लागते. सरकार मरतात, सदाशिव झाडावरून पडून दगावतो आणि आई विनायकला घेऊन पुण्याला निघते. तुंबाडला परत यायचे नाही, असे वचन ती त्याच्याकडून घेते.

१९३३ : गरिबीने गांजलेला विनायक वचन मोडून परततो. म्हातारी अजून जिवंत आहे, तिच्या देहातून झाड उगवले आहे. तिच्याकडून तो खजिन्याचे गुपित मिळवतो आणि श्रीमंत होत जातो.

१९४७ : विनायक आता थकत चालला आहे. तो पांडुरंगला विहिरीत उतरायचे शिक्षण देतो. देश स्वतंत्र होतो आणि वाडा सरकारच्या ताब्यात जाणार हे कळते. मग शेवटचा, सर्वांत मोठा डाव टाकला जातो.

भीतीचे नियम आधीच का सांगितले आहेत?

अनेक भयपटांत भूत वाटेल तेव्हा वाटेल ते करते. ‘तुंबाड’मध्ये तसे होत नाही. इथे नियम ठरलेले आहेत आणि प्रत्येक नियम वापरात येण्याआधी प्रेक्षकाला दाखवलेला आहे.

• हस्तरला धान्य कधीच मिळाले नाही, म्हणून तो पिठाचा भुकेला आहे. कणकेची बाहुली दिली की तो येतो.
• तो खाण्यात गुंतलेला असतानाच त्याच्या लंगोटातून मुद्रा काढायच्या.
• पिठाच्या रिंगणात उभे राहिले की तो आत येऊ शकत नाही.
• त्याचा स्पर्श झालेला माणूस मरत नाही, सडत जगत राहतो. त्याची सुटका फक्त आगीने होते.
• अशा माणसाला हस्तरचे नाव घेऊन झोपवता येते.

शेवटच्या अर्ध्या तासात नवा नियम जवळजवळ येतच नाही. जुनेच नियम नव्या पद्धतीने एकमेकांत अडकतात. त्यामुळे शेवट अनपेक्षित असूनही ओढून-ताणून आणलेला वाटत नाही.

बालपणीची भीती कुठे वळते?

‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे मराठी घरांतल्या मुलांना सांगावे लागत नाही. ‘तुंबाड’ हीच धमकी उलटी करतो. इथे छोटा विनायक घरातल्या म्हातारीला हस्तरची भीती घालून झोपवतो. आई घरात नाही, म्हातारीला खाऊ घालायची जबाबदारी एकट्या पोरावर आली आहे आणि ती त्यालाच खायला उठली आहे. त्या क्षणी आईने शिकवलेले शब्द त्याला वाचवतात.

पण त्या रात्रीतून विनायक दोन गोष्टी शिकतो. एक, भीतीला आवरता येते. दोन, या भीतीमागे कुठेतरी खजिना आहे. पंधरा वर्षांनी तो त्याच म्हातारीपुढे उभा राहतो तेव्हा घाबरत नाही, सौदा करतो. गुपित सांग, तुझी सुटका करतो. ती हस्तरच्या स्पर्शाने काय होते ते सांगते. तिची स्वतःची अवस्थाच त्याचा पुरावा आहे. तरीही त्या बोलण्यातले विनायकच्या कानात शिरते ते एवढेच, की मुद्रा कशा मिळवायच्या. तिला पेटवून तो शब्द पाळतो आणि विहिरीत उतरतो.

तोच प्रसंग तीनदा

कथानकाचा कणा एका पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगावर उभा आहे. शापित देह, समोर जिवंत माणूस आणि आग.

१९३३ मध्ये विनायक म्हातारीला जाळतो, ती अट पूर्ण करण्यासाठी. पुढे त्याच्याकडून मुद्रा घेणारा सावकार राघव गुपिताचा माग काढत खाली उतरतो आणि हस्तरच्या तावडीत सापडतो. विनायक त्यालाही जाळतो. हे गुपित राखण्यासाठी केलेले काम आहे. तिसऱ्यांदा जाळणारा बदललेला असतो आणि जळणारा स्वतः विनायक असतो.

कृती तीच राहते, तिचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी बदलतो. व्यवहार, मग स्वार्थ आणि शेवटी सुटका.

या रचनेला पात्रनिवडीचीही जोड आहे. पांडुरंगची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या बालकलाकारानेच रंगभूषेखाली म्हातारीचीही भूमिका केली आहे. साखळी जिथून सुरू होते आणि जिथे तुटते, त्या दोन्ही ठिकाणी एकच मुलगा उभा आहे.

विनायक वाईट बाप आहे का?

उत्तर सरळ नाही. विनायकला बापाकडून काहीच मिळाले नव्हते. म्हणून तो मुलाला सगळे द्यायला निघतो. दोरावर चढणे, श्वास आवरणे, गर्भात चूक न करणे हे सगळे तो पांडुरंगकडून घोटून घेतो. एखादा कारागीर मुलाला धंदा शिकवतो, तसेच हे शिकवणे आहे. त्यात मायाही आहे आणि मारही.

अडचण अशी, की जिथे जाऊ नकोस असे त्याच्या आईने बजावले होते, तिथे तो मुलाला स्वतः घेऊन जातो. पहिल्याच खेपेला पांडुरंग सांगूनही ऐकत नाही, बाहुली लपवून आणतो आणि दोघे जेमतेम वाचतात. विनायकने लहानपणी आईचे ऐकले नव्हते, पांडुरंग आता त्याचे ऐकत नाही. वडिलांच्या रखेलीशीही हा पोर वडिलांच्याच तोऱ्यात बोलतो. न शिकवलेलेही मुलगा उचलतो, हे चित्रपट भाषण न देता दाखवतो.

मग पांडुरंगचाच प्रश्न येतो. दर वेळी चार मुद्रा कशाला, अख्खा लंगोटच का नको? बापाच्या हावेला भीतीचा लगाम होता. सुखात वाढलेल्या मुलाला तो लगाम कळत नाही. एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या नेल्या जातात. प्रत्येक बाहुलीसाठी एक हस्तर उभा राहतो.

शेवट काय सांगतो?

अडकलेल्या मुलाला वाचवण्यासाठी विनायक सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरावर चढू लागतो. सगळे हस्तर त्याच्या मागे लागतात. पूर्ण चित्रपटात मुद्रेसाठी न केलेले हे त्याचे पहिले काम, आणि त्याचीच किंमत शाप.

बाहेर आलेला पांडुरंग पाहतो तर शापित बाप लंगोट पुढे करून उभा आहे. देहाचे असे झाले तरी त्याला वारसा द्यायचाच आहे. मुलगा नकार देतो. रडत रडत हस्तरचे नाव घेऊन वडिलांना झोपवतो आणि पेटवून देतो. १९१८ च्या रात्री स्वतःचा जीव वाचवण्यासाठी विनायकने वापरलेले शब्द इथे मुलगा वडिलांसाठी अंगाईसारखे वापरतो.

कथेचे मूळ कुठले?

मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेतून बर्वे यांना बीज मिळाले. ती कथा अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’वर आधारलेली आहे. आजारी, भीतीदायक आजीसोबत घरात एकटे पडलेले मूल, एवढाच तो गाभा. चित्रपटाच्या पहिल्या भागात तो स्पष्ट दिसतो. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचले, कथा मात्र तिची नाही.

१९९७ मध्ये पहिला मसुदा, २०१२ मध्ये चित्रीकरणाला सुरुवात, नंतर पुन्हा चित्रीकरण, २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन आणि मग प्रदर्शन, असा हा लांबलचक प्रवास आहे. आनंद गांधी क्रिएटिव्ह डायरेक्टर होते, सहदिग्दर्शन आदेश प्रसाद यांचे, तर विनायकची भूमिका करणारे सोहम शाह निर्मातेही होते.

पुढच्या वेळी ‘तुंबाड’ लावाल तेव्हा हस्तरची वाट पाहू नका. विनायक ‘पांडुरंग’ अशी हाक कधी मारतो आणि त्या वेळी त्याच्या हातात काय असते, तेवढे पाहा.