निर्वेध प्यादे

निर्वेध प्यादे : बुद्धिबळाच्या खेळातील एक संज्ञा. ज्या प्याद्याच्या पुढे, त्याच्या स्वतःच्या व लगतच्या उभ्या रांगांत, प्रतिपक्षाचे एकही प्यादे उरलेले नसते, त्यास निर्वेध प्यादे म्हणतात. प्रतिपक्षाची प्यादी त्याची वाट अडवू शकत नाहीत किंवा त्यास तिरकस मारूही शकत नाहीत. त्यामुळे ते काम मोहऱ्यांना वा खुद्द राजाला करावे लागते. मोठ्या मोहऱ्यास क्षुद्र प्याद्याच्या पहाऱ्यावर बसविण्याची ही सक्ती हेच निर्वेध प्याद्याचे खरे सामर्थ्य होय.

हे सामर्थ्य प्याद्याच्या बढतीतून येते. शतरंज या मध्ययुगीन खेळात शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर होत असे. परंतु तो वजीर एका वेळी एकच घर तिरकस चाले. भारतातील देशी पद्धतीत प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल, त्या मोहऱ्याचा दर्जा त्यास मिळण्याचा प्रघात होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात वजिरास आजची व्यापक चाल लाभली. तेव्हापासून बढतीचे मोल कितीतरी पटींनी वाढले. प्याद्याचे मूल्य १ धरल्यास घोडा व उंट यांचे प्रत्येकी सुमारे ३, हत्तीचे ५ व वजिराचे ९ मानतात. म्हणजे शेवटच्या रांगेवर पाऊल पडताच १ चे ९ होतात. ते टाळण्यासाठी प्रतिपक्ष प्रसंगी उंट किंवा हत्ती देऊनही असे प्यादे मारतो.

राजा व प्यादी एवढेच पटावर उरले असता निर्वेध प्यादे एकट्याने वजीर होईल की नाही, हे ‘चौकोनाच्या नियमा’ने ठरविता येते. पाचव्या रांगेतील पांढऱ्या प्याद्यास बढतीसाठी ३ खेळ्या लागतात. त्याच्या घरापासून शेवटच्या रांगेपर्यंतची ४ घरे ही एक बाजू धरून काळ्या राजाच्या दिशेने ४ × ४ घरांचा चौकोन कल्पावा. काळ्याची पाळी असताना त्याचा राजा या चौकोनात असेल किंवा त्या खेळीने आत येऊ शकत असेल, तर तो प्याद्यास गाठतो. एरवी गाठू शकत नाही. मूळ घरातील प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे जाऊ शकत असल्याने त्याचा चौकोन तिसऱ्या रांगेपासून मोजतात.

निर्वेध प्याद्यांचे काही प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. स्वपक्षाच्या दुसऱ्या प्याद्याचा आधार असलेले प्यादे विरोधी राजास मारता येत नाही. इतर प्याद्यांपासून दूर, पटाच्या कडेकडे असलेले प्यादे विरोधी राजास आपल्याकडे ओढून घेते व दुसऱ्या बाजूस आपल्या राजाचा मार्ग मोकळा करते. शेजारशेजारच्या रांगांतील जोडप्यादी परस्परांस आधार देत पुढे सरकतात. ती शेवटच्या रांगांजवळ पोहोचल्यावर एकटा हत्तीही त्यांस रोखण्यास पुष्कळदा अपुरा पडतो.

हत्ती निर्वेध प्याद्याच्या मागे ठेवावा, हे तत्त्व जर्मन खेळाडू झीगबर्ट टारॅश यांच्या नावाने ओळखले जाते. प्यादे पुढे जाईल तसतसे मागच्या हत्तीचे क्षेत्र वाढते व समोरून अडविणाऱ्या हत्तीचे घटते. ब्वेनस एअरीझ येथे १९२७ मध्ये झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील चौतिसावा व अखेरचा डाव याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अलेक्झांडर अल्येखिन यांचे कडेचे प्यादे अडविण्यात कापाब्लांका यांचा हत्ती गुंतून पडला आणि अल्येखिन यांच्या राजाला दुसऱ्या बाजूस शिरकाव मिळाला. ८२ खेळ्यांच्या या डावाबरोबर जगज्जेतेपदही अल्येखिन यांच्याकडे गेले.

प्यादे अडवले गेले, तर मात्र त्याचे सामर्थ्य खुंटते. अरॉन निम्झोव्हिच यांनी १९२५ पासून प्रसिद्ध झालेल्या माय सिस्टम  या ग्रंथात अटकावाचे तत्त्व सविस्तर मांडले. प्याद्याच्या लगेच पुढील घरात बसण्यास घोडा उत्तम; कारण तो तेथून प्याद्याच्या बाजूंच्या घरांवरही मारा ठेवतो. वजीर या कामी फारसा उपयोगी नाही. कारण हलक्या मोहऱ्याने हल्ला करताच त्यास जागा सोडावी लागते.

या दोन्ही बाजू एकाच डावात पाहावयास मिळतात. १८३४ मध्ये लंडन येथे फ्रान्सचा ला बूर्दोने व आयर्लंडचा मॅक्डॉनेल यांच्यात एकूण ८५ डाव झाले. त्यांपैकी ६२ व्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मॅक्डॉनेलचे एक प्यादे तिसाव्या खेळीस वजिराच्या उभ्या रांगेत सातव्या घरात पोहोचले. पुढच्याच खेळीस काळ्याचा उंट हत्तीच्या आधाराने त्याच्या पुढे जाऊन बसला आणि ते प्यादे अखेरपर्यंत हलू शकले नाही. इकडे ला बूर्दोनेची वजीर, राजा व राजाकडील उंट यांच्या रांगांतील तीन प्यादी पुढे सरकत राहिली. छत्तिसाव्या खेळीस त्याने आपला वजीर देऊन एक हत्ती घेतला आणि पुढील खेळीस तिन्ही प्यादी बढतीपासून एकेक घरावर, ओळीने येऊन उभी राहिली. पांढऱ्याकडे वजीर व हत्ती होते, काळ्याकडे केवळ हत्ती व उंट. तरीही मॅक्डॉनेलने तेथेच हार मान्य केली.

बढतीपासून एका घरावर पोहोचलेली प्यादी दोन्ही पक्षांकडे होती. भेद होता तो अटकावाचा. म्हणून निर्वेध प्याद्याचे मोल ठरविताना ते किती पुढे गेले आहे एवढेच न पाहता, पुढील घर कोणाच्या ताब्यात आहे, त्यास आधार कोणाचा आहे आणि त्यास रोखण्यासाठी प्रतिपक्षाचा कोणता मोहरा अडकून पडला आहे, यांचाही विचार करावा लागतो.