डाग इथे, गळती कुठे?

मोटारसायकल उभी होती तिथे फरशीवर ऑइलचा डाग दिसला की बहुतेकांचा हात डागाच्या बरोबर वर असलेल्या नटाकडे जातो. बहुधा तो इंजिनाच्या तळाचा ड्रेन नट असतो. तो आवळला जातो. डाग पुन्हा पडतो, नट आणखी आवळला जातो, आणि कधीतरी चेंबरच्या ॲल्युमिनियममधले आटे जातात. मग तिथूनही ऑइल येऊ लागतं. मूळ गळती मात्र वर टॅपेट कव्हरपाशी जशीच्या तशी चालू असते.

इंजिनातून सुटलेलं ऑइल सुटल्या जागी थांबत नाही. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, धावत्या गाडीचा वारा मागे ढकलतो, आणि धातूला चिकटून पसरण्याचा त्याचा स्वभाव त्याला फिन्सच्या कडेकडेने आडवं नेतो. हेडच्या पुढच्या अंगाला झालेली गळती त्यामुळे क्रँककेसच्या मागच्या कोपऱ्यातून ठिबकते. शोध घेताना थेंब कुठे पडतो हे महत्त्वाचं नाही. ओल्या भागातली सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची जागा कोणती, हे महत्त्वाचं.

ती जागा मळलेल्या इंजिनावर सापडत नाही. धूळ आणि ऑइल मिळून जो काळा थर बसतो, तो ऑइल शोषून सगळीकडे सारखाच ओला दिसतो. म्हणून पहिलं काम साफसफाईचं. इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीझर किंवा रॉकेल आणि ब्रश घेऊन फिन्सच्या फटीसुद्धा साफ करायच्या, धुऊन कोरडं करायचं. गरम इंजिनावर पेट्रोल कधीही मारू नये. मग संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणायची. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली बसलं की पांढऱ्या थरात एक करड्या रंगाची बारीक रेघ दिसते. ती वर सुईच्या टोकाएवढी असते आणि खाली येताना रुंद होत जाते. ते टोक म्हणजे गळतीचं उगमस्थान.

पावडरने भागलं नाही तर ऑइलमध्ये प्रतिदीप्ती देणारा रंग मिसळतात. अतिनील टॉर्चचा प्रकाश पडला की त्या रंगाचे रेणू ती ऊर्जा शोषून हिरवट-पिवळ्या दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. अंधारात इंजिनावर फक्त गळतीची वाट उजळते. मोठ्या वर्कशॉपमध्ये हे चालतं, पण पावडरही तितकीच प्रामाणिक साक्ष देते.

गाडी प्रत्यक्ष चालवायची, नुसती स्टँडवर चालू ठेवायची नाही, यामागे भौतिकशास्त्र आहे. २०डब्ल्यू-५० ऑइलची विष्यंदिता ४० अंश सेल्सिअसला १५० सेंटिस्टोकच्या आसपास असते. १०० अंशांना ती १६ ते २२च्या दरम्यान उतरते. म्हणजे तापलेलं ऑइल सुमारे आठपट पातळ होतं आणि त्याच फटीतून, त्याच दाबाने, आठपट वेगाने बाहेर येतं. फटीच्या उंचीचा परिणाम तर याहून तीव्र. दोन सपाट पृष्ठांमधल्या फटीतून जाणारा द्रव फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली की गळतीही आठपट. कालपर्यंत नुसता ओलसर दिसणारा सांधा आज एकदम ठिबकू का लागला, याचं उत्तर या दोन आठांमध्ये असतं.

बाहेर येतंय ते नक्की काय, हे तपासणंही आवश्यक. मागच्या चाकाच्या रिमवर उडालेले काळे थेंब कित्येकदा साखळीला लावलेल्या वंगणाचे असतात. पेट्रोल वासावरून ओळखू येतं. पुढच्या फोर्कच्या नळीवरची तेलकट रिंग ही फोर्क सीलची तक्रार. तिचा इंजिनाशी संबंध नाही. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये तर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडचा प्रायमरी चेनकेस असे तीन वेगळे कप्पे आणि तीन वेगळी वंगणं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, कारण दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची संयुगं घातलेली असतात. बोटाला लावून वास घेतला की तीनपैकी निदान एक कप्पा तरी निश्चित होतो. चेनकेसचं बाहेरचं झाकण मध्यभागी एकाच नटाने धरलेलं असतं आणि कडेला रबराचं सील असतं. तो एक नट जास्त ताकदीने आवळला तर झाकण वाकतं आणि कडेचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही.

१९५५पासून तेव्हाच्या मद्रासमध्ये बनू लागलेली ही बुलेट गळतीसाठी बदनाम आहे. त्या बदनामीत पॅकिंगपेक्षा दाबाचा वाटा मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिनातला पिस्टन वरच्या बाजूने काय करतो ते आपण शाळेत शिकतो. त्याची खालची बाजू मात्र सायकलच्या पंपासारखी वागते. बुलेट ३५०च्या पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि फेरा ९० मिलिमीटर, म्हणून खाली येताना तो क्रँककेसमधली सुमारे ३४६ घन सेंटिमीटर जागा खातो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे सेकंदाला ५० वेळा घडतं. एकच सिलिंडर असल्याने वर जाऊन ती जागा मोकळी करणारा दुसरा पिस्टन नसतो. त्यात पिस्टन रिंगांना चुकवून थोडे जळलेले वायू सतत खाली येत असतात. हा दाब बाहेर काढायला ब्रीदर असतो. जुन्या बुलेटमध्ये ब्रीदरच्या नळीला रबराची एक चपटी चोच असते: हवा बाहेर जाताना उघडते, आत येताना मिटते. ती नीट चालली तर क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच राहतो आणि ऑइलला बाहेर ढकलणारं काही उरत नाही.

ती चोच कडक होऊन उघडीच राहिली, नळी कुठे दुमडली किंवा गाळाने तुंबली, की दाब दुसरी वाट शोधतो. पॅकिंगच्या कडेतून, सीलच्या ओठाखालून, जिथे कमकुवत जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर पडतं. आज टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं तर उद्या क्लच कव्हर ओलं होतं. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती दिसली की पॅकिंगचा सेट आणण्याआधी ब्रीदरची नळी काढून बघावी. आताच्या गाड्यांमध्ये ही नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. फिल्टर ऑइलने भिजलेला निघाला तर ऑइल जास्त भरलं आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत, यांपैकी काहीतरी आहे.

बिडाच्या बुलेटची आणखी एक खोड याच दाबाशी जोडलेली. तिची ऑइलची टाकी क्रँककेसच्या ओतीवातच, पण वेगळ्या कप्प्यात असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मालक डिपस्टिक बघतो, पातळी कमी दिसते, तो ऑइल ओततो. किक मारल्यावर फिरता क्रँक त्या जास्तीच्या ऑइलमध्ये घुसळू लागतो आणि ब्रीदरमधून ऑइलची चूळ बाहेर येते. गळती म्हणून गाडी गॅरेजला जाते, इंजिन उघडलं जातं, आणि बिघाड काहीच नसतो. इंजिन काही मिनिटं चालवून, पंपाला ऑइल टाकीत परत आणू देऊन, मगच पातळी बघायची.

फिरत्या दांड्यांवरची ऑइल सील हा या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग. गिअर शाफ्ट, किक शाफ्ट, फ्रंट स्प्रॉकेटचा शाफ्ट, प्रत्येक ठिकाणी धातूच्या कड्यात बसवलेला रबराचा ओठ आणि त्याच्या मागे बारीक स्प्रिंग. ओठ शाफ्टवर घट्ट टेकतो म्हणून ऑइल अडतं, असा आपला समज असतो. ब्रिटनमधले संशोधक जॅगर यांनी १९५७मध्ये दाखवून दिलं की फिरत्या शाफ्टवर ओठाखाली ऑइलचा अतिशय पातळ पापुद्रा असतोच. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हा पापुद्रा नसता तर ओठ घर्षणाने जळून गेला असता. मग तो पापुद्रा बाहेर का वाहत नाही? ओठाचा ऑइलकडचा उतार तीव्र आणि बाहेरचा उतार सौम्य ठेवलेला असतो. शाफ्ट फिरताना रबराच्या पृष्ठावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके ओढले जातात आणि ओठाखाली आलेलं ऑइल पुन्हा आत ढकलतात. चांगलं सील म्हणजे असा एक अतिसूक्ष्म पंपच असतो. तेच सील उलटं बसवलं तर पंप उलटा चालतो आणि नवंकोरं सील ऑइल बाहेर फेकू लागतं.

हे समजलं की सील बदलतानाचे नियम घोकावे लागत नाहीत. स्प्रिंगची बाजू नेहमी ऑइलकडे. ओठाला आधी ऑइल लावायचं, म्हणजे पहिल्या काही फेऱ्या कोरड्या जात नाहीत. शाफ्टवरच्या खाचांवर टेप गुंडाळून सील सरकवायचं, कारण तिथली धार ओठ कापते. सील ठोकताना त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून सरळ आत बसवायचं. जुन्या ओठाने शाफ्टवर चर पाडला असेल तर नवं सील किंचित पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठाला कोरा पृष्ठभाग मिळतो. चर नखाला लागत असताना नुसतं सील बदललं तर गळती परत येणार हे नक्की.

सीलचं रबर बहुतेक वेळा नायट्राइल असतं. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल दोन्ही अध्रुवीय हायड्रोकार्बन, म्हणून तेल रबरात शिरतं आणि ते फुगतं. नायट्राइलच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राइलचे ध्रुवीय गट असल्याने तेल त्याच्यापासून दूर राहतं. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेही कडक होतं. थंडीच्या सकाळी गळणारी आणि तापल्यावर थांबणारी गाडी बहुधा अशाच कडक झालेल्या ओठाची असते.

सांध्यांच्या बाबतीत सगळा खेळ दाबून धरण्याचा. बोल्ट आवळताना लावलेल्या बळापैकी साधारण ९० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातं. प्रत्यक्ष पकड उरलेल्या १० टक्क्यांची. आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोराने बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. इंजिन कव्हरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात, आणि लांब पान्याने ते नकळत दुप्पट होतात. म्हणून टॉर्क पाना हवा, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन टप्प्यांत आवळायला हवेत.

तापमानही सांध्याला सोडत नाही. १०० मिलिमीटर ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं तर ०.२३ मिलिमीटर वाढतं, तेवढंच पोलाद जेमतेम ०.१२. गरम इंजिनात पोलादी स्टडने धरलेलं पॅकिंग आणखी चेपलं जातं, गार झाल्यावर सैल पडतं. अशा हजारो आवर्तनांत ते कायमचं चपटं होतं. जुनं पॅकिंग पुन्हा वापरणं यासाठीच परवडत नाही.

कव्हरची कड जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासावी. चमक सगळीकडे सारखी आली नाही तर कव्हर वाकलेलं आहे. जुनं पॅकिंग खरवडायला स्क्रू ड्रायव्हर नको, त्याचा एक ओरखडा गळतीला पुरतो. सिलिकॉनची ट्यूब पिळून प्रत्येक सांधा बुजवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ते सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेर जेवढी वळी दिसते तेवढीच आतही उतरते, आणि तुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीवर जाऊन अडकतो. पंपाला ऑइल मिळालं नाही तर काही थेंब वाचवायच्या नादात इंजिन जातं. जिथे कारखान्याने कागदी पॅकिंग दिलं आहे तिथे तेच बसवावं.

आणि तो ड्रेन नट. त्याच्याखालचं तांब्याचं वायसर एकदा चेपलं की कठीण होतं, कारण दाबाने त्याच्या स्फटिकांत दोष साचतात. जुने मेकॅनिक ते चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल करतात आणि पाण्यात टाकतात. तांब्याचे स्फटिक उष्णतेने नव्याने घडतात आणि वायसर पुन्हा मऊ होतं. पोलाद असं विझवलं तर कठीण होतं. तांब्याचं तसं होत नाही, पाण्याने त्याच्यावरची काळी खपली तेवढी निघते. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नये, ते लाल होण्याआधीच वितळतं.

रचनाच बदलून गळती कमी करता येते, हे होंडाच्या १९६९च्या सीबी ७५०ने जगाला दाखवलं. तेव्हाच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची क्रँककेस उभी दुभागलेली असे, त्यामुळे सांधा थेट तळापर्यंत, ऑइलमध्ये बुडालेला. होंडाने ती आडवी दुभागली आणि मुख्य सांधा वर नेला.

दुरुस्तीनंतर पुन्हा साफसफाई, पुन्हा पावडर, पुन्हा फेरी. पावडर कोरडी राहिली तरच काम झालं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.

प्रत्येक ओलसरपणावर इंजिन उघडायची गरज नसते. जुन्या इंजिनाच्या हेडवर नुसता घाम दिसत असेल तर दर आठवड्याला पातळी बघत गाडी चालवता येते. थेंब पडू लागले की हिशेब बदलतो. मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर मिनिटाला एक थेंब म्हणजे २४ तासांत ७२ मिलिलिटर, आणि छोट्या गाडीत मुळात ऑइलच लिटरभर असतं. फोर्क सीलचं ऑइल पुढच्या डिस्कवर उतरलं तर ब्रेक धरत नाही. फ्रंट स्प्रॉकेटमागचं सील गेलं तर ऑइल साखळीवर आणि तिथून मागच्या टायरवर जातं. या दोन गळत्यांना पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहायला लावू नका. सील बदलून, टायर आणि डिस्क साफ करून मगच गाडी रस्त्यावर काढा.