हवालदार : एका हुद्द्याचा अर्थ

चौकांतल्या प्रत्येक पोलिस शिपायाला आपण सर्रास ‘हवालदार’ म्हणतों, तेंहि बहुधा थट्टेनें. वस्तुतः ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक, हा मूळचा अरबी शब्द. आणि सोपविलेलें सांभाळणारा तो हवालदार. शिवकालीन घोडदळांत २५ बारगिरांवर एक हवालदार असे. गडावर तर तोच मुख्य अंमलदार. दरवाजांच्या किल्ल्या त्याच्या हवालीं. मात्र एकट्याच्या भरंवशावर गड नसावा, म्हणून सबनीस व सरनोबत जोडीस असत. पुढें पलटणींत हा हुद्दा खालीं उतरला. आज देवळालीच्या तोफखान्यांत हवालदाराच्या बाहीवर तीन फिती दिसतात. तो नाइकाच्या वर, नायब सुभेदाराच्या खालीं. अधिकार घटला, अर्थ मात्र तोच राहिला. यासाठीं हें नांव आदरानेंच उच्चारावें; त्यांत विश्वास सांठविलेला आहे.