जिभेखालची गोळी, उशाखालची गोळी

घरातली औषधे : लेखांक ९

गेल्या आठवड्यात मधुमेहाने तळपायांच्या नसा कशा बधिर होतात ते आपण पाहिले. तोच मधुमेह, तोच रक्तदाब आणि तीच तंबाखू पुरुषाच्या शरीरात आणखी एका ठिकाणी घाव घालतात. पायांची आग होते हे माणूस पारावर बसून सांगतो. हे दुसरे दुखणे मात्र तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. संभोगाच्या वेळी लिंगाला ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, एवढेच ते आहे. आपल्याकडे त्याला ‘कमजोरी’ म्हणतात, आणि थकवा, धातू जाण्याची भीती, मूल न होणे, ताठरता नसणे अशी चार वेगवेगळी गाऱ्हाणी त्या एका शब्दात कोंबली जातात. ‘नामर्द’ ही तर शिवीच झाली, आणि शिवी ऐकून घ्यायची कोणाची तयारी असणार? म्हणून माणूस मेडिकलमध्ये दुसरे गिऱ्हाईक नाही असे बघून आत शिरतो, हळू आवाजात गोळी मागतो, आणि खाकी पाकिटातली ती पट्टी उशीच्या अभ्र्यात नाहीतर मोटारसायकलच्या डिकीत ठेवतो. गोळी घेण्यात काही चूक नाही. ती बायकोपासून आणि डॉक्टरपासून लपवून घेणे ही चूक आहे, आणि ती दोघांच्याही शरीराला महागात पडते, असे माझे म्हणणे आहे. नीतीचा प्रश्न मी इथे काढतच नाही. निव्वळ वैद्यकीय कारणे पुरेशी आहेत.

या गोळीचा जन्मच मुळी हृदयाच्या दुखण्यातून झाला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, सँडविच या गावी असलेल्या फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल तयार झाले ते छातीत कळ येण्यावरचे औषध म्हणून. १९९०नंतरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसेना, पण चाचणीतले पुरुष एक वेगळाच परिणाम सांगू लागले. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत या दुसऱ्या कामासाठी त्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल नायट्रिक ऑक्साइडवर काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना मिळाले, आणि गोळीचे गुपित त्याच वायूत आहे. मनात इच्छा जागी झाली की लिंगातल्या नसा आणि रक्तवाहिन्यांची अस्तरे हा वायू सोडतात. त्यातून एक रसायन तयार होते, ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते आणि रक्त आत भरते. हे रसायन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. गोळी त्या विकराला थोपवून धरते. म्हणजे मुळात इच्छाच जागी झाली नाही तर थोपवायलाही काही नसते. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, वीर्य वाढवत नाही, मूल होण्याची हमी देत नाही. डोके दुखणे, तोंड लाल होणे, नाक चोंदणे, छातीत जळजळ हे तिचे नेहमीचे त्रास. काहींना थोडा वेळ निळसर दिसते. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. ही गोळी अमेरिकेत आली तेव्हा भारतात १९७०चा पेटंट कायदा होता. तो औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट देई, औषधाला देत नसे. त्यामुळे २००१पासून आपल्या कंपन्यांनी या गोळ्या स्वस्तात बाजारात आणल्या. पुढे टॅडालाफिल आले. त्याचा अंमल ३६ तासांपर्यंत राहतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता तुळजापूर किंवा भूम तालुक्यातले वस्तीवरचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पंचेचाळिशीच्या नवऱ्याच्या छातीत दडपण येते, घाम फुटतो. सासऱ्यांना मागे ‘अटॅक’ आला होता, त्यांची सॉर्बिट्रेटची पट्टी देवळीत आहे हे बायकोला ठाऊक असते. शहाणी बाई जे करील तेच ती करते: एक गोळी नवऱ्याच्या जिभेखाली ठेवते आणि १०८ला फोन लावते. जिभेखालची ही गोळी नायट्रेटची. तीही त्याच नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेने रक्तवाहिन्या सैल करते. नवऱ्याने दोन तासांपूर्वी उशाखालची गोळी घेतलेली असेल, तर एका बाजूने रसायन भराभर तयार होत राहते आणि दुसऱ्या बाजूने ते मोडणारे विकर बंद पडलेले असते. रक्तदाब धाडकन खाली येतो. हृदयाला आधीच रक्त कमी पडत होते, ते आता आणखी कमी पडते. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट द्यायचे नाही, हा नियम रुग्णवाहिकेतला डॉक्टर जाणतो. म्हणून तो विचारतो, “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आणि बायको म्हणते, “कोणत्याच नाहीत.” ती खोटे बोलत नसते. ज्याला खरे माहीत आहे तो बोलण्याच्या अवस्थेत नसतो, आणि असला तरी सासूसमोर बोलत नाही. निकोरान्डिल नावाची छातीच्या दुखण्यावरची गोळीही याच जातीतली. प्रोस्टेटसाठी काही गोळ्या चालू असतील तरी रक्तदाब खाली येऊ शकतो. वर दारू घेतली असेल तर भर पडते. एरवी डॉक्टरला विचारून घेतली तर बहुतेक पुरुषांसाठी ही गोळी सुरक्षित आहे. ती घातक ठरते ती अशा वेळी, जेव्हा घरात दोन गोळ्या असतात आणि एकीची खबर दुसरीला नसते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. लिंगातल्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या त्याहून रुंद, तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेहाने, तंबाखूने, वाढलेल्या चरबीने रक्तवाहिन्यांची अस्तरे खराब होऊ लागली की आधी बारीक वाहिनी तुंबते. म्हणून अनेक पुरुषांत ताठरतेची तक्रार छातीच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली आढळते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. मधुमेह, हृदयरोग आणि रक्तदाब असलेल्यांत ती जास्त होती. चाळिशीतला माणूस ही तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्या शरीराने त्याला छातीच्या दुखण्याच्या काही वर्षे आधीच सांगावा धाडलेला असू शकतो. तो सांगावा ऐकायचा तर साखर, रक्तदाब, चरबी तपासायला हवी, तोंडातली तंबाखू सुटायला हवी आणि आधीच चालू असलेल्या गोळ्यांकडे एकदा बघायला हवे, कारण रक्तदाबाच्या व मानसिक आजारांच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. सिल्डेनाफिल हे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा, अनुसूची ‘एच’मधल्या औषधांपैकी आहे ते एवढ्याचसाठी. काउंटरवरून चिठ्ठीविना मिळालेली गोळी रात्र निभावून नेते आणि सांगावा मात्र न उघडता परत जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ॲलोपथीच्या गोळीला धोका असेल, जडीबुटीला काय धोका? आठवडी बाजारातला तंबू आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘मर्दानी ताकद’ याच भरवशावर चालते. १९५४च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने संभोगशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि या कायद्याला सत्तरी उलटली तरी भिंती रंगलेल्याच आहेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल मिसळलेले असल्याचे देशोदेशीच्या औषध प्रशासनांना वारंवार आढळले आहे. अशी कॅप्सूल खाल्लेला माणूस रुग्णवाहिकेत प्रामाणिकपणे “मी काही घेतलेले नाही, फक्त जडीबुटी” म्हणणार. निदान पट्टीवर नाव असते. पुडीवर तेही नसते.

आता जिच्याविषयी या गोळीच्या बोलण्यात कोणी विचारत नाही तिच्याकडे येऊ. नवऱ्याच्या या आजाराचा परिणाम बायकोवर होतो, याला पुरावा आहे. अनेक देशांतल्या जोडप्यांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नवऱ्याला त्रास सुरू झाल्यावर बायकांचीही इच्छा आणि समाधान कमी झाल्याचे दिसले, आणि नवऱ्याने उपचार घेतल्यावर ते बऱ्याच जणींत सुधारले. नवरा जवळ येईनासा झाला की आपल्यातच काही कमी आहे, नाहीतर त्याचे बाहेर काही आहे, असे बाईला वाटते. तो लाजेने तोंड फिरवून झोपतो आणि ती मनात वेगळेच वाचते. तेव्हा ही गोळी तिलाही हवीशी असू शकते, हे मी आधीच मान्य करतो. पण न्यूझीलंडमध्ये २७ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास दुसरी बाजू दाखवतो: गोळी घेतली, आता ती वाया जाऊ नये, म्हणून नवऱ्याने धरलेला आग्रह, तिला नको असताना, तिला दुखत असताना. ३६ तास अंमल राहणाऱ्या गोळीचा अर्थ इथे उलगडतो. पाळी गेलेल्या बाईच्या योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, जखमा होतात, लघवीला जळजळते. पन्नाशीच्या नवऱ्याची समस्या एका गोळीने सुटते आणि पंचेचाळिशीच्या बायकोची त्याच रात्री सुरू होते. तिच्यासाठीही उपाय आहेत, पाण्यात विरघळणारे वंगण आहे, डॉक्टरच्या सल्ल्याने लावायचे इस्ट्रोजेनचे मलम आहे. पण ते द्यायचे तर गोळी आली आहे हे तिला माहीत हवे आणि ‘आज नको’ म्हणायची तिला मोकळीक हवी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो असे सांगितले. उरलेल्या अठरा टक्क्यांच्या घरात ही गोळी काय घेऊन जाते याचा विचार कोणीतरी करायला हवा.

स्त्रियांनी स्वतः ही गोळी घ्यावी का, असाही प्रश्न येतो. इच्छा वाढावी म्हणून घेऊ नये. सुमारे तीन हजार स्त्रियांवर चाचण्या करून फायझरने २००४ साली तो नाद सोडला. गरोदरपणात तर मनाने मुळीच नाही. गर्भाची वाढ खुंटलेल्या मातांना सिल्डेनाफिल देण्याची नेदरलँड्समधली चाचणी २०१८ साली अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण फुप्फुसांच्या त्रासाने अकरा बाळे दगावली होती. पण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याच्या आजारात हेच सिल्डेनाफिल स्त्रियांना, कधी तान्ह्या बाळांनाही, जीव वाचवायला देतात. सुनेच्या चिठ्ठीवर हे नाव दिसले म्हणून भुवया उंचावणाऱ्या घराने एवढे समजून घ्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: आमच्या भागात बायाबापड्यांशी असले कोणी बोलत नाही. १९२७ साली र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले तेव्हा मराठीत हेच म्हटले गेले होते, आणि त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले होते. पण तेवढे मागे जायला नको. १९९९च्या ऑक्टोबरपासून आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी खेडोपाडी सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात घेतल्या. हा कर्करोग ज्या विषाणूने होतो तो संभोगातून येतो, आणि तपासणी कशी असते हे ज्या बाईने करून घेतली तिला विचारा. तरी बोलावलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के आल्या. एप्रिल २००९मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणीच्या धोरणाला आधार झालेला हा पुरावा इथल्या शेतात राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी दिला आहे. नीट, आदराने, बाईमाणसाकडून विचारले तर इथल्या बाया बोलतात. प्रश्न पुरुषांचा आहे. त्यांना तेव्हापासून कोणी आत बोलावून, दार लावून, साध्या शब्दांत विचारलेच नाही.

म्हणून माझी मागणी आधी डॉक्टरांकडे आहे. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या ठिकाणी साखर आणि रक्तदाबाची तपासणी होते. तिथे आलेल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला पायाच्या मुंग्यांबरोबर हाही एक प्रश्न विचारावा, आणि तो म्हणेल तर बायकोलाही आत घ्यावे. सॉर्बिट्रेट लिहून देताना त्याच चिठ्ठीवर खाली मराठीत, ठळक लिहावे की ताकदीची कोणतीही गोळी किंवा पुडी घेतली असेल तर ही जिभेखाली ठेवू नये, १०८च्या डॉक्टरला आधी सांगावे. आणि ती चिठ्ठी घरी जाऊन देवळीत, त्या पट्टीला रबर लावून ठेवायला सांगावे, म्हणजे रात्री साडेअकराला जिचा हात देवळीकडे जाईल तिच्या नजरेस आधी चिठ्ठी पडेल.