दोष कोणाचा? गुणवत्ता-नियंत्रण आणि कामगार

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावूर हे तमिळनाडूचे भाताचे कोठार मानले जाते. कोकणात ज्याला उकडा तांदूळ म्हणतात, तो तेथील गिरण्यांत तयार होतो. भिजवून वाफवलेल्या भातात सुमारे ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. भरडण्यापूर्वी तो १४ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो. वाळवण घाईने झाली, तर दाण्यास सूक्ष्म तडे जातात आणि भरडताना कणी वाढते. म्हणून ओलावा १६ ते १८ टक्क्यांवर येताच वाळवण काही तास थांबवणे हितावह असते.

आता समजा, एके दिवशी कणी अधिक निघाली. दोष कोणाचा? भात वाळवणाऱ्या कामगाराचा, असे उत्तर चटकन दिले जाते. परंतु भाताची जात, हवेतील दमटपणा आणि यंत्राची झीज यांवर त्या कामगाराचा ताबा कोठे असतो?

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली ‘नियंत्रण-आलेख’ मांडून या प्रश्नास शास्त्रीय रूप दिले. प्रत्येक उत्पादनात थोडाफार चढउतार असतोच. त्यातील काही भाग यदृच्छेने घडतो, तर काही भागामागे शोधून काढता येईल असे विशिष्ट कारण असते. हे दोन्ही वेगळे ओळखणे हे या आलेखाचे कार्य होय.

डेमिंग यांचा मण्यांचा प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. पेटीत ३२०० पांढरे व ८०० तांबडे मणी मिसळतात. पन्नास खळग्यांच्या पळीने प्रत्येकाने न पाहता मणी काढावयाचे; तांबडा मणी म्हणजे सदोष माल. सरासरीने दहा तांबडे येतात. पण कोणाला सहा, कोणाला चौदा मिळतात. गणिताने पाहता दोन ते अठरापर्यंतचा फरक निव्वळ यदृच्छेचा असू शकतो. तरीही ‘मालक’ एकास शाबासकी देतो व दुसऱ्यास दटावतो! अशा वागणुकीने तांबडे मणी घटत नाहीत. कामगाराचे मन मात्र खचते. मणी घटवावयाचे तर पेटीच बदलली पाहिजे आणि ती व्यवस्थापकाच्या हाती असते.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले व येथे या शास्त्रास चालना मिळाली. पुढे १९६२ साली जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने ‘गुणवत्ता-मंडळे’ सुरू झाली. एकाच विभागातील कामगार ठरावीक वेळी एकत्र बसून आपल्या कामातील अडचण निवडतात, मोजमाप घेतात आणि उपाय सुचवितात. भारतात हैदराबादनजीकच्या रामचंद्रपुरम येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात १९८० साली त्यांचा आरंभ झाला. तंजावूरच्या शेजारी, तिरुचिरापल्ली येथील त्याच संस्थेच्या बॉयलर-कारखान्यातही ही पद्धत पुढे आली.

मात्र केवळ मंडळ स्थापून समाधान लाभत नाही. सूचना कागदावरच राहिल्या, तर उत्साह ओसरतो. आलेख दंड आकारण्यासाठी वापरला, तर आकडे लपविले जातात. याउलट, तंजावूरच्या गिरणीतील कामगाराच्या हाती ओलावा मोजण्याचे साधन द्यावे आणि वाळवण थांबविण्याचा अधिकारही द्यावा. म्हणजे कणी वाढताच तो कारण दडविणार नाही, स्वतःच शोधू लागेल. चांगला माल आणि समाधानी कामगार यांची वाट येथेच एक होते.