जीन्सची कंबर आणि मांडीची जळजळ

"डॉक्टरबाई, हिला सायटिका तर नाही ना?" मुलीच्या आधी आईनेच विचारले. हातात कमरेच्या एक्स-रेची पिशवी आणि रक्ततपासणीचे दोन-तीन कागद. मुलगी नेरूळला राहणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बेलापूरला एका कार्यालयात नोकरीला. दीड महिन्यापासून उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत होत्या, कधी आग होत होती, तर कधी ती जागा बधिर पडत होती. लोकलमध्ये उभे राहिले की त्रास वाढे. रात्री घरी गाऊन घातला की बरे वाटे. एक्स-रेत काही नव्हते.

हे शेवटचे वाक्य ऐकून मी तिला तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितले. पोटावर, बेंबीच्या खाली, जीन्सच्या पट्टीचा लाल वळ उमटला होता, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना जे हाड हाताला लागते, तिथे तो अधिकच खोल होता. जीन्स कुठली, असे विचारल्यावर ती थोडी लाजली. वाशीच्या एका मॉलमधून दिवाळीच्या बोनसवर घेतलेली, साडेनऊ हजारांची. "अठ्ठावीस नंबर जरा घट्ट होत होता, पण तिथली मुलगी म्हणाली, घालून घालून सैल होईल. आणि एवढे पैसे दिल्यावर न घालून कसे चालेल?"

दुखण्याचे मूळ या शेवटच्या प्रश्नातच होते. दोनशे रुपयांची सलवार काचली तर आपण ती मोलकरणीला देऊन टाकतो. साडेनऊ हजारांची जीन्स काचली तरी आठवड्यातून चार दिवस अंगावर चढते.

मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस पाठीच्या कण्यातून निघते आणि कमरेच्या त्या पुढच्या हाडाजवळून, जांघेतल्या एका चिवट पट्ट्याच्या खालून मांडीत उतरते. तिथे जागा अरुंद असते. वरून पट्टीचा दाब आला की नस चेपते. या विकाराला वैद्यकीय भाषेत 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' म्हणतात. व्लादिमीर रोट या रशियन डॉक्टरांनी १८९५ साली त्याला हे नाव दिले, म्हणजे स्त्रियांच्या जीन्स बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हाचे रोगी कमरपट्टे घालणारे पुरुष असत. वजन वाढलेल्या, गरोदर आणि मधुमेही व्यक्तींमध्ये हा त्रास अधिक आढळतो.

या नसेकडे स्नायू हलवण्याचे काम नसते, फक्त संवेदनेचे असते. म्हणून मुंग्या येतात, आग होते, पण पाय लुळा पडत नाही. पायातली ताकद कमी झाली, कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर तो जीन्सचा दोष समजून घरी बसू नये. तसे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

२००३ साली कॅनडातील डॉ. मलविंदर परमार यांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात अशाच तीन तरुण स्त्रियांची हकीकत लिहिली होती. तिघीही थोड्या स्थूल होत्या आणि तिघीही कमरेच्या खाली बसणाऱ्या तंग विजारी वापरत होत्या. अशी 'लो वेस्ट' जीन्स नेमकी त्या हाडावरच टेकते. विजारी सोडल्या आणि त्रास गेला. त्याहून गंभीर प्रकार ऑस्ट्रेलियात अॅडलेडला घडला. त्याची नोंद २०१५ साली प्रसिद्ध झाली. घर हलवताना एक पस्तीस वर्षांची बाई पायाला चिकटून बसणारी जीन्स घालून तासन्‌तास उकिडवी बसून कपाटे रिकामी करत होती. पोटऱ्यांना सूज आली, नसा दबल्या आणि संध्याकाळी ती चालता चालता पडली. इस्पितळात जीन्स कापून काढावी लागली. चार दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. असे क्वचितच घडते, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे खाली बसून करण्याची कामे पुष्कळ असतात, म्हणून सांगितले.

आता मुळातला प्रश्न. अठ्ठावीस नंबर म्हणजे अठ्ठावीस इंच कंबर, असा आपला सरळ समज असतो. प्रत्यक्षात टेप लावून पाहा. एका कंपनीची 'अठ्ठावीस' एकोणतीस भरेल, दुसरीची तीस. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असे वाटावे म्हणून मोठ्या मापावर लहान आकडा छापण्याची रीत या धंद्यात जुनी आहे, आणि महागडी जीन्सही तिला अपवाद नाही. शिवाय आकडे मुळात आपल्यासाठी बनलेलेच नाहीत. अमेरिकेत १९३९-४० मध्ये जवळपास पंधरा हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली गेली. कोष्टक करताना फक्त गौरवर्णीय स्त्रियांची मापे धरली गेली. त्यावरून १९५८ मध्ये तिथे सरकारी प्रमाण ठरले, १९८३ मध्ये तेही मागे घेण्यात आले, आणि मग ज्याचा त्याचा फुटरूल. गंमत अशी की या कापडाच्या एका भावंडाचे, 'डंगरी'चे, नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलेले. कापडाचे नाव आपले आणि माप परक्याचे!

आपल्या अंगाचा घाट निराळा, हे नुसते शिंपी म्हणत नाहीत. पुण्याच्या केईएम इस्पितळातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला सारखे दिसणारे आपण आतून सारखे नसतो आणि आपली चरबी पोटावर जमते. त्यामुळे मांडीला बरोबर बसलेली परदेशी मापाची जीन्स पोटावर आवळते, आणि पोटाला बरोबर बसलेली मागून लोंबते. हे आपल्या देहाचे वैगुण्य नाही, मापाचे आहे, हे मुलींना आवर्जून सांगावेसे वाटते. ट्रायल रूममधून रडवेल्या चेहऱ्याने बाहेर येणाऱ्या आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

भारतीय मापांचे कोष्टक बनवण्याचे काम 'निफ्ट' या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतले. या संस्थेची मुंबई शाखा आपल्या खारघरलाच आहे. देशाच्या सहा विभागांतील सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार स्त्रीपुरुषांची मापे त्रिमिती स्कॅनरने घ्यायची, अशी ती 'इंडिया साइज' योजना.

एक माप मात्र आरोग्यासाठी प्रत्येकीला ठाऊक हवे. भारतीय स्त्रीचा पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या पुढे गेला की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो, असे तज्ज्ञ मानतात. हे माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचे. जीन्सच्या लेबलवरून ते कळणार नाही, आणि पोट आत ओढून चेन लावल्याने कमी होणार नाही.

नवी मुंबईतला पाऊस आणि जीन्स हे तर वैरच. जाड कापड दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर जीन्स घालून कार्यालय गाठले की जांघेत घाम आणि घर्षण. तिथे गजकर्ण उठते. मग औषधाच्या दुकानातून कुणाचे तरी ऐकून स्टेरॉइडचे मिश्र मलम आणले जाते. खाज दोन दिवस थांबते, बुरशी आत पसरत राहते. देशभर चिवट गजकर्णाची जी साथ पसरली आहे तिला ही मलमे मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले, तरी ती मिळतात हे आपण सारे जाणतो. बेंबीच्या खाली नाण्याएवढा खाजरा चट्टा असेल तर बटणाकडे पाहावे. त्यातले निकेल काहींच्या कातडीला सोसत नाही. ज्यांना खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात, त्यांनी बटणाच्या आतून कापडाचा तुकडा शिवून घ्यावा.

खरेदीला संध्याकाळी, जेवण झाल्यावर जावे. सकाळी उपाशीपोटी बसलेली जीन्स दुपारच्या जेवणानंतर आवळते, आणि जेवून काचणाऱ्या पट्टीने छातीत जळजळही होते. पाळीच्या आधीच्या दिवसांत पोट फुगते, तेही ध्यानात ठेवावे. पर्समध्ये शिंप्याचा टेप असू द्यावा. कंबरेआधी नितंबांचे सर्वांत रुंद माप पाहावे, आणि शिंपी ज्याला आसन म्हणतात ते कमी पडत नाही ना, ते पाहावे. आरशासमोर उभे राहून काही कळत नाही. खुर्चीवर बसावे, उकिडवे बसावे, एक पाय उंच पायरीवर टाकल्यासारखा उचलावा. बसल्यावर पट्टीत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. नितंबांना बसते पण कंबर मागून उघडी पडते, असे झाले तर तीच घ्यावी आणि शिंप्याकडून कंबर आत घ्यावी. सैल जीन्स आवळता येते, तंग जीन्सला कापड कुठून आणणार? नुसत्या सुती जीन्स धुतल्यावर आटतात आणि वापरून थोड्या ढिल्या होतात. इलॅस्टेनचा धागा असलेल्या ताणल्या जातात, पण मूळ मापावर परत येऊ पाहतात, म्हणून 'सैल होईल' या आश्वासनावर त्या विकत घेऊ नयेत.

हे वाचून मान डोलावणाऱ्या आया-सासवांनाही दोन शब्द. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वृद्ध स्त्रियांच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. एकीची परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधलेली. दुसरी चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसणारी. घर्षणाने जखम झाली, ती भरलीच नाही आणि तिथेच कर्करोग झाला. अशा घटना विरळ आहेत. तरी नाडीच्या जागी काळा, खवलेदार पट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर दाखवावी. नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, गाठीची जागा बदलती ठेवावी.

त्या मुलीला मी गोळ्या दिल्या नाहीत. जीन्स सहा आठवडे बंद, मोबाइल खिशात ठेवायचा नाही, एवढेच सांगितले. आईला ते पटले नसावे, कारण फीचे पैसे देताना त्या पुन्हा एकदा म्हणाल्या, "निदान एखादे टॉनिक तरी?" दोन महिन्यांनी मुलगी एकटीच आली. जळजळ गेली होती, थोडा बधिरपणा उरला होता. साडेनऊ हजारांची ती जीन्स तिने मावसबहिणीला देऊन टाकली होती. तिला ती कमरेला बसते का, हे मी विचारून घेतले.