आंबोलीचा पाऊस लॅपटॉपवर

माझी भाची सावंतवाडीत बीएस्सी करते. 2024 मध्ये प्रवेश घेतलेली तिची बॅच म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतली नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली बॅच. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं, ऑनर्सचं वर्ष करायचं, हे या मुलांना 2027 च्या जूनमध्ये ठरवावं लागणार. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील, तर हे वर्ष संशोधनासह करता येतं. त्यात 12 क्रेडिटचा प्रकल्प असतो. कागदावर एवढंच लिहिलंय. संगणकीय विज्ञानात असा प्रकल्प करायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं, हे तिला कळावं म्हणून गणपतीच्या सुट्टीत आम्ही एक छोटी तालीम केली.

विषय दारातलाच घेतला. सावंतवाडीहून आंबोली सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे साधारण त्याच्या निम्मा. आई माजघरातून ऐकत होती. म्हणाली, "आंबोलीत पावस जास्त पडता ह्या सांगाक कॉम्प्युटर कित्याक व्हयो?" प्रश्न रास्त आहे. जास्त पडतो हे सांगायला नकोच; घाटाच्या कुठल्या वळणापासून वाढतो आणि किती, हे सांगायला हवा.

समुद्रावरून दमट वारा येतो, दाणोलीच्या पुढे घाटाला धडकतो, सुमारे 690 मीटर वर चढतो, थंड होतो आणि बाष्प सोडतो. भाचीने आलेखाच्या कागदावर एकेक किलोमीटरच्या चौकटी आखल्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला 20 मीटर धरला. एका चौकटीतलं बाष्प पुढच्या चौकटीत सरकवणारा पायथनचा कोड लिहिला, जेमतेम पानभर. काळाचं पाऊल ठेवलं 60 सेकंदांचं, कारण मिनिट हिशोबाला सोपं.

सुरुवातीचे आकडे शहाण्यासारखे होते. मग एका चौकटीत बाष्प उणे झालं, शेजारच्या चौकटीत अवाच्या सवा वाढलं, आणि थोड्या वेळाने पडद्यावर आकड्यांऐवजी नुसतं 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नव्हे', येऊ लागलं. "मामा, सूत्र चुकलंय." तिने ते दोनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. मी मुद्दाम गप्प राहिलो. या कामात अर्धा गुरुपणा गप्प राहण्यातच असतो. संध्याकाळी तिनेच गुणाकार मांडला: 60 सेकंदांत वारा 1200 मीटर जातो, चौकट हजार मीटरची. वारा शेजारची चौकट ओलांडून पुढे जातोय आणि कोडला फक्त शेजारची चौकटच दिसतेय. अशा वेळी बारीक चूक प्रत्येक पावलागणिक 1.4 पट होते. शंभर पावलांत ती चारशे लाख कोटी पटीच्या वर जाते. एका पावलात वाऱ्याने एका चौकटीपेक्षा जास्त सरकू नये, ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेव्ही या तिघांनी 1928 मध्येच मांडून ठेवली आहे. पाऊल 40 सेकंदांचं केलं आणि कोड सुरळीत चालला.

खरी परीक्षा मात्र यानंतरच. फुटलेला कोड निदान ओरडून सांगतो. न फुटणारा गुळगुळीत आलेख देतो, आणि तो अहवालात चिकटवायचा मोह होतो. मी चौकट अर्ध्या किलोमीटरची, पाऊल 20 सेकंदांचं करायला सांगितलं. सर्वाधिक पावसाची जागा सरकली. म्हणजे आधीचं उत्तर घाटाचं कमी आणि आमच्या चौकटींचं जास्त होतं. मग आणखी बारीक, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. ऑनर्सच्या वर्षातले महिनेच्या महिने यातच जातात, आणि जावेतही. लुइस फ्राय रिचर्डसनने 1922 च्या पुस्तकात हाताने केलेला हवामानाचा पहिला मोठा हिशोब छापला. त्यात सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबार वाढला होता. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. हे त्याने लपवलं नाही, म्हणून त्याच्यामागून आलेल्यांना वाट सापडली.

याच गणिताचं थोरलं रूप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत 'अर्का' या महासंगणकावर चालतं. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची चौकट 6 किलोमीटरची आहे, आधी ती 12 ची होती. तेव्हा सावंतवाडी-आंबोली हे सगळं अंतर दोनेक चौकटींत आटपायचं. आता तीन-चार मिळतात. घाटाची चढण तरीही त्यात पुरती मावत नाही, म्हणून इथल्या मुलांना करण्यासारखं काम शिल्लक आहे, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यांना साधा लॅपटॉप पुरतो.

लॅपटॉपला ताडून बघायला खरा पाऊस मात्र लागतो. दाणोली ते आंबोली या पट्ट्यात चढणीवर जागोजागी पर्जन्यमापक हवेत, रोज सकाळी ठरल्या वेळी वाचलेले. एवढी चिकाटी मनात प्रश्न असेल तरच टिकते. तेव्हा ज्यांच्या मनात एखादा प्रश्न नाही, त्यांनी तिसऱ्या वर्षावर पदवी घेऊन खुशाल नोकरीला लागावं, त्यात कमीपणा नाही. ज्यांना चौथं वर्ष करायचंच आहे, त्यांनी विषय आणि मापकांच्या जागा आधीच्या उन्हाळ्यात ठरवून ठेवाव्यात. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं आणि पाऊसही जूनमध्येच; प्रकल्पाला तो एकच पावसाळा मिळतो.